कोंबड्या राखणारा बांड्या

मित्रांनो, मी विंझरजवळच्या एका वाडीतला म्हातारा गावठी कुत्रा आहे. अंग तांबूस आणि त्यावर पांढरे पट्टे, म्हणून माझं नाव पडलं बांड्या. मी कुठल्या शिकारी जातीचा नाही. माझ्या गळ्यात कधी चामड्याचा पट्टा पडला नाही. तरी माझी हकिगत तुम्ही ऐकावी असं वाटतं, कारण मी जे शिकलो ते आमच्या जातीला फार जड जातं. मी कोंबड्यांमध्ये राहायला शिकलो. आणि ते शिकलेलं टिकवताना एकदा माझा जीव जायची वेळ आली होती.

माझा जन्म राजगडाच्या पायथ्याला पाली गावात, एका पडक्या गोठ्यात झाला. माझी आई कोणाच्याच मालकीची नव्हती. आम्ही पिलं तिला लुचायचो, पण तिच्याच पोटात काही नसे तर आम्हाला कुठून मिळणार? एक दिवस तिनं कोणाचीतरी कोंबडी धरली.

तिकडे एक जुनी समजूत होती. कुत्र्याला कोंबडीची चटक लागली की मारलेली कोंबडी त्याच्याच गळ्यात बांधायची. सडून गळून पडेपर्यंत ती तशीच ठेवायची. त्या घाणीला कंटाळून कुत्रा पुन्हा कोंबडीच्या वाटेला जात नाही, असं लोक म्हणत. माझ्या आईला तसंच केलं. ती आमच्याजवळ येऊन आडवी झाली की तो वास आणि त्या माश्या आमच्या अंगावर येत. तिला कोणी दारात उभं करेना. जाईल तिथं दगड बसत. शेवटी एक दिवस ती आलीच नाही. माझी भावंडं एकेक करून गार झाली. माझ्यात ओरडण्याएवढा जीव उरला होता, एवढंच.

ते ओरडणं चंद्राबाईनं ऐकलं. पाली तिचं माहेर. भावाच्या घरी लग्नासाठी ती आली होती. तिनं मला गोठ्यातून उचललं आणि पदरानं पुसलं. तिची भावजय सरूबाई तिथंच उभी होती.

"नगं नेऊस गं त्याला," सरूबाई म्हणाली. "आईनं कोंबडी खाल्ली, ह्योबी खाणार. त्येंच्या रगतातच आसतंय ते."

"भुकेली व्हती ती, वयनी," चंद्राबाई म्हणाली. "आन् मला राखणीला कुत्रं पायजेच हाय."

मला पदरात गुंडाळून ती पालीहून वाडीपर्यंत चालत आली. वाटभर ती माझ्याशी बोलत होती. ती काय बोलत होती ते मला कळलं नाही, पण तो आवाज मी त्या दिवशी ओळखून ठेवला.

तिचं घर लहान होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं. आतल्या भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. घरात तिची सासू धोंडाबाई होती, आणि ओसरीवरच्या बाजेवर तिचा नवरा कुंडलिक पडून असायचा. शेजारच्या खणात त्याचा धाकटा भाऊ गेनू राहायचा. निम्म्या वाट्यानं, अर्धलीनं केलेलं शेत तोच बघायचा.

कुंडलिक धरणाच्या कामावर दगड फोडायला जात असे. तिथून तो खोकला घेऊन आला. आधी खोकला, मग ताप, मग एक दिवस थुंकीत रक्त. चंद्राबाई त्याला नसरापूरला गाडी बदलून भोरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, पण घाबरू नका, आता त्यावर औषध आहे. इंजेक्शनं चुकवायची नाहीत, अंगमेहनत करायची नाही, आणि ताकद येईल असं खायचं. रोज एक तरी अंडं पोटात गेलं पाहिजे.

दूध देणारं जनावर घरात नव्हतं. पण कोंबड्या होत्या. माहेरून आणलेल्या जोडीपासून चंद्राबाईनं अख्खं अंगण भरवलं होतं. रोज सकाळी ती गरम अंडं सोलून कुंडलिकच्या हातात ठेवायची. "ह्या कोंबड्या हायेत तवर मी हाय," असं एकदा कुंडलिक बोलून गेला. त्या दिवसापासून घरातलं कोणीही कोंबड्यांकडे नुसत्या कोंबड्या म्हणून पाहू शकलं नाही.

आणि त्याच वर्षी डोंगरातून एक रानमांजर उतरायला लागलं. खुराड्याची फळी सरकवून ते कोंबडी उचलायचं. चंद्राबाईला राखणदार हवा होता तो यासाठी.

पण मित्रांनो, विचार करा. रानमांजरापासून कोंबड्या राखायला आणलेलं पिल्लूच उद्या कोंबडीवर झडप घालणार, असं सगळ्यांना वाटत होतं. आणि त्यांचं खरं होतं. मी थोडा मोठा झालो आणि पहिल्यांदा कोंबडी माझ्या नाकासमोरून फडफडत गेली, तेव्हा माझ्या अंगात काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कान उभे राहिले, तोंडाला पाणी सुटलं, पाय आपोआप उडाले. मी ठरवून काही केलं नाही. माझ्या तोंडात पिसं आली तेव्हाच मला कळलं की मी पळालो होतो.

चंद्राबाईनं धावत येऊन माझा जबडा उघडला. कोंबडी वाचली. तिची शेपटी मात्र बोडकी झाली.

"बघितलंस?" धोंडाबाई म्हणाली. "आता ह्येच्या गळ्यात मेलेली कोंबडी बांध, न्हाईतर नदीपल्याड सोडून ये. त्याबिगर ह्यो सुधरायचा न्हाई."

"आत्याबाई, थोडं दीस द्या," चंद्राबाई म्हणाली.

"आन् तवर कोंबड्या संपल्या मंग? माझ्या ल्योकानं काय खायाचं?"

चंद्राबाईनं मला काथ्याच्या दोरीनं ओसरीच्या खांबाला बांधलं आणि ती माझ्याजवळ बसली. माझं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तिनं एक कोंबडी बांबूच्या डालग्याखाली झाकली आणि डालगं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलं. मी दोरी ताणून तिकडे बघत राहिलो. मी भुंकलो, रडलो, दोरी चावली. ती मला मारत नव्हती. नुसती माझ्या पाठीवर हात ठेवून "हळू रं, हळू" म्हणत होती. दमून मी एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लगेच तिनं भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात दिला. मी पुन्हा कोंबडीकडे पाहिलं तर काही मिळालं नाही. पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पुन्हा तुकडा. मला त्यात काहीतरी गोम आहे असं वाटायला लागलं.

हळूहळू डालगं जवळ येऊ लागलं. मग डालग्याखालची कोंबडी मोकळी झाली आणि मी बांधलेला राहिलो. मग चंद्राबाई दोरी स्वतःच्या कमरेला बांधून अंगण झाडू लागली. ती जाईल तिकडे मी, आणि आजूबाजूला सगळ्या कोंबड्या. माझं अंग थरथरत असायचं. एखादी कोंबडी पळाली की माझे पाय उचलायचे. चंद्राबाई थांबायची, मी खाली बसेपर्यंत थांबून राहायची, आणि मगच झाडायला लागायची. कधीकधी अंगण झाडायला अर्धी सकाळ जाई. धोंडाबाई चुलीपाशी बसून बडबडत राहायची.

हे सोपं होतं असं समजू नका. मला किती वेळा वाटलं, की दोरी तोडावी, एकदाच धरावी एखादी, मग काय व्हायचं ते होऊ दे. भूक नसतानाही असं वाटायचं. आईच्या गळ्यातला तो वास आठवायचा तरी वाटायचंच. भीतीनं ती ओढ जात नव्हती. ती कमी झाली ती एकाच गोष्टीनं. कोंबडी पळाली की चंद्राबाईकडे बघायचं, ही मला सवय लागली.

पावसाळा सरला तेव्हा माझी दोरी सुटली. त्या हिवाळ्यात रानमांजर आलं ते मला बघून कुंपणावरूनच परत गेलं. मी अंगणात आडवा पडलो की पिलं माझ्या पोटावर चढायची. तुरेवाली नावाची एक धीट कोंबडी होती. डोक्यावर पिसांचा झुबका, म्हणून ते नाव. ती तर माझ्या कानातल्या गोचिड्या टिपून खायची. वाडीतली माणसं मुद्दाम बघायला यायची. शेजारची रतनबाई म्हणाली, "चंद्रे, लेकराला तरी येवढं शिकवलं आसतंस का गं?" गेनू सगळ्यांना सांगत सुटला, "आमचा बांड्या लई शाणा." कुंडलिक बाजेवरून हात खाली सोडायचा आणि मी त्याच्या हाताखाली डोकं ठेवायचो. त्याचा ताप उतरला होता. अंगावर थोडं मांस धरत होतं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग उन्हाळा आला.

आधी तुरेवाली दिसेनाशी झाली. सकाळी चरायला गेली ती परत आली नाही. चंद्राबाईनं वाडीभर शोधलं. पिसं नाहीत, रक्त नाही. गेनू माझ्याकडे बघत म्हणाला, "वयनी, राग मानू नगा. पर मला ह्येचीच शंका येतीया."

"न्हाई ओ भावजी. बांड्या तसा न्हाई."

"मंग गेली कुठं?"

चंद्राबाई पुन्हा एकदा खुराड्यात डोकावून आली. मी तिच्या पायाशी गेलो, पण त्या संध्याकाळी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिला तसं करायचं नव्हतं हे मला ठाऊक आहे. मन दुसरीकडे होतं तिचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ उजाडली. चंद्राबाई झऱ्यावर पाणी आणायला गेली होती. उन्हाळ्यात झरा बारीक व्हायचा, हंडा भरायला वेळ लागायचा. धोंडाबाईनं खुराडं उघडलं आणि ती मागच्या दारी गेली. कोंबड्या बाहेर आल्या त्या नेहमीसारख्या नाहीत. पंख पाडून, डोळे मिटून. त्यातल्या दोन माझ्यासमोर अंगणात कलंडल्या. एकीनं पाय झाडले आणि ती थांबली.

मी जवळ गेलो. नाकानं हलवून बघितलं. आंबट, वाईट वास येत होता. मी तिला उठवायचा प्रयत्न केला. पंखाला धरून थोडं ओढलंसुद्धा. आणि तेवढ्यात गेनू बैल सोडायला बाहेर आला.

त्यानं काय पाहिलं ते मला कळतं. मेलेल्या कोंबड्या, आणि एकीचा पंख माझ्या दातात.

"दादा!" तो ओरडला. "ह्येनं कोंबड्या मारल्या रं! दोन मारल्या!"

कुंडलिक बाजेवर उठून बसला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला मेलेल्या कोंबड्या दिसत नव्हत्या, मित्रांनो. त्याला स्वतःचं मरण दिसत होतं. ज्या हाताखाली मी डोकं ठेवायचो तोच हात त्यानं माझ्याकडे रोखला आणि खोकत खोकत म्हणाला, "मार त्याला. मारून टाक, गेनू. माझ्या जिवावर उठलाय त्यो."

धोंडाबाई धावत आली. "गळ्यात बांध त्येच्या! म्या तवाच म्हनलं व्हतं!"

गेनूनं सुतळी घेतली. मेलेली कोंबडी पायाला धरून उचलली आणि तो माझ्याकडे आला. ती लोंबणारी मान पाहिली आणि मला माझी आई दिसली. मी त्या घरात कधी कोणावर गुरगुरलो नव्हतो. त्या वेळी गुरगुरलो. गेनूनं कोंबडी टाकली आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

पहिला तडाखा डाव्या कुशीवर बसला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. मी ओरडलो नाही, कारण श्वासच येईना. दुसरा तडाखा जमिनीवर बसला. मी कुंपणाच्या फटीतून बाहेर पडलो, आणि तीन पायांवर, चार पायांवर, कसाही डोंगराकडे पळालो. मागून येणारे दगड दूर पडले तरी मी पळत होतो.

वाडीच्या वर उतारावर करवंदीच्या दाट जाळ्या आहेत. त्यातल्या एकीत मी शिरलो. काट्यांनी अंग फाटलं त्याचं काही वाटलं नाही. श्वास घेतला की कुशीत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मी तिथं पडून राहिलो. फांद्यांतून खाली आमचं अंगण दिसायचं. तेवढंच मी बघत असायचो.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं अंगणातून मेलेली कोंबडी उचलून नेली. तिसऱ्या दिवशी टोपलीच भरून नेली. मी तर अंगणात नव्हतो. मग रतनबाईच्या घरूनही तशीच टोपली निघाली, आणि पलीकडच्या घरातूनही. कोंबड्या गोल गोल फिरत होत्या. त्यांच्या माना पिळल्यासारख्या पाठीवर वळत होत्या. अख्ख्या वाडीत मानमोडीचा रोग शिरला होता.

चंद्राबाईचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "भावजी, मानमोडी हाय ही! त्या मुक्या जिवानं काय केलं न्हवतं! काय केलं न्हवतं ओ त्येनं!"

गेनूनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

मग ती मला हाका मारत निघाली. शेताच्या बांधांवरून, ओढ्याकाठानं. "बांड्या! ये रं! ये माझ्या राजा!" तो आवाज ऐकून माझी शेपटी जाळीतल्या पाल्यावर आपटायला लागली. मी उठलो. जाळीच्या तोंडापर्यंत सरकलो. पण तिच्या मागं बांधावर गेनू उभा होता. तोही मलाच शोधत असेल. पण त्याच्या हातात काठी होती आणि माझ्या अंगानं पुढं जायचं नाकारलं. मला जायचं होतं हो. पायच उचलेनात. ती हाका मारत मारत लांब गेली, आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला तेव्हा जाळीत आल्यापासून मी पहिल्यांदा रडलो.

त्यानंतरचे दिवस आठवायला नको वाटतात. ओढ्यात पाणी थोडं होतं ते उतरून प्यायचो. खेकडा सापडला तर खायचो, न सापडला तर वाळलेलं शेणसुद्धा चघळायचो. बरगड्या दुखत असल्यामुळे सशामागं धावण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांपुढं अंधारी यायची. आपण इथंच मरणार, आणि ते घर आपल्याला कोंबड्या मारणारा म्हणूनच आठवणार, असं वाटत राहायचं.

अशाच एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, बाजूच्या जाळीत मला खसखस ऐकू आली. मी सरपटत गेलो. वाळक्या पानांच्या खळग्यात, पंख पसरून, तुरेवाली बसली होती.

ती मेली नव्हती. तिला कोणी उचललं नव्हतं. तिनं अंगण सोडून इथं चोरून अंडी घातली होती आणि ती खुडूक होऊन उबवायला बसली होती. घरापासून लांब होती म्हणूनच मानमोडीतून वाचली होती.

मित्रांनो, तिच्यात आणि माझ्यात एका झेपेचं अंतर होतं. तिला उडता येणार नव्हतं, खुडूक कोंबडी अंडी सोडत नाही. माझ्या गळ्यात दोरी नव्हती. पाठीवर कोणाचा हात नव्हता. आजूबाजूला बघणारं कोणी नव्हतं. आणि माझ्या पोटात इतकी भूक होती, की तिच्या अंगाची ऊब मला वासातून कळत होती. माझे कान उभे राहिले. तोंडातून लाळ गळायला लागली. मी दबलो. मनात एकच आलं, की जे केलं नाही त्याची शिक्षा तर भोगून झालीच आहे, आता ते करायला काय हरकत आहे?

तुरेवालीनं डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. ती घाबरली नाही. कुर्र करून तिनं फक्त पंख थोडे सावरले. अंगणात मी तिच्याशेजारी पडायचो तेव्हा करायची, तसंच.

मी मान वळवली. चंद्राबाई नव्हती, तरी ती जिथं असायला हवी होती तिकडे मान वळवली. भाकरीचा तुकडा आला नाही. मी तसाच थरथरत बसलो. ऊन कलेपर्यंत पुन्हा पुन्हा माझं डोकं कोंबडीकडे वळत होतं आणि पुन्हा पुन्हा मी ते ओढून खाली वाडीकडे नेत होतो. शेवटी मी थकलो आणि तिच्या जाळीच्या तोंडाशी आडवा झालो. तिथून मी हललो नाही. मुंगूस आलं तेव्हा मला उठता आलं नाही, पण गुरगुरता आलं. तेवढ्यावर ते गेलं.

करवंदं पिकून गळायला लागली तेव्हा तिच्या पंखाखाली चिवचिव सुरू झाली. दोन दिवस तिनं पिलांना जाळीतच ठेवलं. मग एका सकाळी ती त्यांना घेऊन बाहेर आली आणि उताराला लागली. कोंबडीला घर बरोबर आठवतं. ती खालीच निघाली होती. मी जाळीत थांबायचं ठरवलं होतं. पण खाली सगळं मोकळं रान होतं, कापणी झालेली शेतं, एक झुडूप नाही. आणि वर आभाळात घार फिरत होती.

मी मागोमाग निघालो. लांबून, लंगडत.

घराच्या वरच्या शेतात ती सगळी पोचली आणि घार खाली आली. तुरेवाली ओरडली, पिलं पांगली. मित्रांनो, तेव्हा मी कसा धावलो ते मला माहीत नाही. बरगड्या जागच्या जागी आहेत की नाहीत याचं भान नव्हतं. मी भुंकत घारीच्या खाली घुसलो, तिच्या नखांनी माझा कान फाडला, आणि ती रिकामी वर गेली. तुरेवालीनं पिलांना पंखाखाली घेतलं. मी तिच्यावर चारी पाय रोवून उभा राहिलो, कारण घार पुन्हा येणार होती.

भुंकणं ऐकून घरातली माणसं बाहेर आली. सगळ्यात पुढं गेनू होता. त्यानं काय पाहिलं? एक कोंबडी जमिनीला चिकटलेली, आणि तिच्यावर रक्तानं माखलेल्या तोंडाचा मी.

"मेल्या, म्हंजी खाणाराच निघालास व्हय?" म्हणत तो काठी घेऊन धावला.

मी पळालो नाही. पळालो असतो तर पिलं उघडी पडली असती. मी डोळे मिटले.

"भावजी, आदी बगा!" चंद्राबाईची किंकाळी आली. "आदी बगा तरी! हात खाली करा!"

ती धावत आली आणि काठीच्या आणि माझ्या मध्ये आडवी पडली. गेनू जागच्या जागी थांबला. तेवढ्यात माझ्या पोटाखालून तुरेवाली उठली. तिच्या पंखांतून एकेक पिलू बाहेर आलं. एक पिलू माझ्या पायावर चढायला लागलं.

गेनूनं काठी खाली ठेवली नाही, ती त्याच्या हातातून पडली. "वयनी," तो म्हणाला, "ही तर आपली तुरेवाली." आणि तो तिथंच ढेकळात बसला.

चंद्राबाई माझं तोंड दोन्ही हातांत धरून रडत होती. माझ्या बरगड्यांवरून तिची बोटं फिरली तसं तिनं ओठ दाताखाली धरले. तिनं मला उचलून घरी नेलं, पिल्लू असताना नेलं होतं तसंच.

मानमोडीत घरच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या, म्हणून त्या उन्हाळ्यात कुंडलिकला अंडं मिळालं नाही. चंद्राबाई त्याला कुळथाच्या पिठाचं पातळ माडगं द्यायची, कडधान्यं मोड आणून द्यायची, आणि उसनंपासनं करून भोरची इंजेक्शनं मात्र चुकवायची नाही. तो पुन्हा वाळला. पण गेला नाही. पाऊस सुरू झाल्यावर पिलं मोठी झाली आणि तुरेवाली पुन्हा अंडी घालायला लागली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी औषध बंद केलं. दगड फोडायचं बळ मात्र त्याच्यात कधी आलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी घरी आलो त्या संध्याकाळी कुंडलिकनं बाजेवरून हात खाली सोडला. "बांड्या," त्यानं हाक मारली. मी त्या हाताकडे पाहिलं आणि उभ्या जागी माझी लघवी झाली. मी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटलो. माझा त्याच्यावर राग नव्हता. पण माझं अंग ऐकेना.

कुंडलिकनं त्या ओल्या जमिनीकडे बघितलं आणि हात वर घेतला. "म्याच म्हनलं व्हतं, मार त्याला," तो बायकोला म्हणाला. "गेनू न्हाई. म्या."

"आता बसा त्येच्यासंगं," चंद्राबाई म्हणाली. "हात लावू नगा. नुसतं बसा."

तो बसायला लागला. रोज बाजेवरून उतरून, जमिनीवर, माझ्यापासून लांब. हात मांडीवर ठेवून. मी थरथरलो की तो उठून मागं सरकायचा. खोकला आला तर तोंड फिरवून खोकायचा, मी दचकू नये म्हणून. एकदाही त्यानं हात पुढं केला नाही. मी ज्या चिकाटीनं कोंबड्यांमध्ये बसायला शिकलो, त्याच चिकाटीनं तो माझ्याजवळ बसायला शिकत होता. आणि मला एवढंच सांगता येईल, की त्याला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मित्रांनो, कुत्र्याला शिकवता येतं. माणसाच्या हातात वेळ असेल आणि काठी नसेल, तर कुत्रा आपल्या रक्तातली ओढसुद्धा आवरतो. पण त्यानं शिकून दाखवल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचं काम तुमचं असतं. आम्हाला सांगता येत नाही. मेलेल्या कोंबडीपाशी उभा असलेला कुत्रा दिसला, तर हात उचलण्याआधी जवळ जा, वाका आणि नीट बघा. एवढंच मागतो.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी कुंडलिक तसाच मांडीवर हात ठेवून बसला होता. मी कोपऱ्यातून उठलो. चार पावलं गेलो, थांबलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. आणि त्याच्या त्या हातावर मी हनुवटी टेकवली. त्यानं हात हलवला नाही.